आधी सांगणारा नाकाचा डॉक्टर

डॉक्टर पहिल्यांदा नातेवाइकांना बाहेर काढत. आमच्या वऱ्हाडात माणूस दवाखान्यात एकटा जात नाही. दुखणं एकाचं, सोबत पाच जण, आणि बोलतात ते पाचच. पेशंट मधात मुकाट बसलेला, बाजारात बैल दाखवायला आणावा तसा. "याचं डोकं दुखते, डाक्टर. याले वास येत नाइ. हा झोपला का घोरते." डॉक्टर सगळं ऐकून घेत आणि मग दाराकडे बोट करत.

"नाक यांचं आहे ना? मग यांना बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा."

एखादी म्हातारी चिडायची. "मी माय हाओ त्याची!"

"आई आहात. नाक नाही." असं म्हणून दार लावून घेत.

हे अमरावतीचं सांगून राहिलो. आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालो त्याच्या पुढच्या वर्षीचं. तेव्हा नाकासाठी वेगळा डॉक्टर असतो हेच लोकांना नवल. डॉक्टर पुण्याकडचे. इतक्या लांब कशाला आले ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाले, "इथं नाकं जास्त तुंबतात." खोटं नव्हतं. कापसाचा मुलूख आमचा. जिनिंगमध्ये रुई उडते, ती छातीत जाते, नाकात जाते. पण एवढ्यासाठी माणूस आपलं गाव सोडत नाही, हे मलाही कळत होतं. पुढं काही विचारलं नाही.

दवाखाना खाली, राहणं वर. लग्न नाही, घरात माणूस नाही. दोन वेळा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खानावळीत जेवत, भिंतीकडच्या पाटावर, एकटे. कपाळावर तो गोल आरसा असतो ना, मधात भोक असलेला, तो काढायचं भान त्यांना राहत नसे. तसेच जेवायला जात. लोक त्यांना आरसेवाला म्हणत. एकदा मी म्हटलं, "डाक्टर, लोक हसून राहिले." त्यांनी आरसा चाचपून पाहिला आणि तसाच ठेवला. "हसू दे. हसताना नाकपुड्या चांगल्या उघडतात."

असा माणूस. आज त्यांचं म्हणून काही सांगणारं कोणी उरलं असेल असं वाटत नाही, म्हणून मी बसलो लिहायला.

दवाखान्याच्या पडवीत एक लांब लाकडी बाक होता. त्या बाकाचा कायदा साऱ्या अमरावतीत प्रसिद्ध. ज्याचं ऑपरेशन करायचं त्याने आधी त्या बाकावर बसायचं, आणि ज्याचं ऑपरेशन नुकतं झालं त्याने शेजारी बसून त्याला सगळं सांगायचं. कुठं कापतात, काय ऐकू येतं, किती दुखतं, नंतर काय होतं. वाढवून नाही, कमी करून नाही. आणि ज्याने नीट सांगितलं नाही त्याला घरी सोडत नसत. लोक म्हणायचे, डोकं फिरलेलं आहे याचं. बाकीचे डॉक्टर पेशंटला काहीच सांगत नाहीत, घाबरेल म्हणून. डॉक्टरांचं उलटं. "न सांगितलेला पेशंट माझ्या टेबलावर नको. मी त्याच्या डोळ्याच्या खाली आणि मेंदूच्या शेजारी काम करतो. तो दचकला की माझा हात कुठं जाईल?"

मी अकोल्याला जिनिंग फॅक्टरीत फिटर. तिसरीपर्यंत शाळा, पण मशीन माझ्या हातात आली की बोलत असे. नाक मात्र बंद. डोकं ठणकायचं, गाल जड, घशात घाण उतरायची. चुलीवर भाजी करपली तरी मला कळत नव्हतं. बायको म्हणे, "तुमाले काय, माती घातली ताटात तरी खासान." तपकीर ओढून पाहिली, कडू तेल टाकून पाहिलं, एका बाबाने कडुलिंबाच्या पाल्याची धुरी दिली. डोळे तेवढे सुजले.

मग अमरावतीला गेलो. डॉक्टरांनी खोलीत अंधार केला आणि लहानसा दिवा माझ्या तोंडात घालून ओठ मिटायला लावले. हातात आरसा दिला. म्हणाले, "बघा." दुसरा डॉक्टर असता तर स्वतः बघून मोकळा झाला असता. माझा उजवा गाल आतून लालबुंद पेटला होता, जसा काही कंदील. डावा काळा ठिक्कर. "त्या काळ्या पोकळीत हवा असायला पाहिजे. पू आहे. आधी सुईनं धुऊन बघू. नाही जमलं तर वरचा ओठ उचलून, हिरडीच्या वर कापून, हाडाला खिडकी पाडायची आणि साफ करायचं. तुम्ही झोपलेले नसणार. बधिर करीन, पण जागे असाल."

आणि लगेच पुढं जे बोलले त्यापायी त्यांचे निम्मे पेशंट उठून दुसरीकडे जात. "मोकळा श्वास येईल. वास परत येईल की नाही, सांगता येत नाही. आणि रोग पुन्हा होऊ शकतो."

मी म्हटलं, "मंग कशाले करायचं?"

"ते तुम्ही ठरवा. नाक तुमचं आहे."

"ग्यारंटी नाइ?"

"गॅरंटी घड्याळाच्या दुकानात मिळते."

मला राग आला. पण दुसऱ्या कोणी मला असं ठरवायला सांगितलं नव्हतं. जन्मापासून सगळे ठरवूनच सांगत आले होते. सुईनं धुणं झालं, महिनाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. तेव्हा मी ऑपरेशनला तयार झालो.

माझ्या आधीचा पेशंट दर्यापूरकडचा एक पाटील. कुस्ती खेळलेला गडी, मान बैलासारखी, गाल सुजून निळा झालेला. डॉक्टरांनी त्याला बाकावर माझ्या शेजारी बसवलं. पाटील आधी बाकाच्या टोकाला बसला. मग आणखी टोकाला. मी कोण, कुठला, हे त्याने एका नजरेत ओळखलं होतं. मीही सरकलो नाही. मी कशाला सरकू?

"सांगा ना, पाटील," मी म्हटलं. "डाक्टरचा हुकूम हाय."

"काय सांगायचं त्यात?" पाटील समोरच्या झाडाकडे बघत बोलला. "काहीच नाइ होत. मुंगी चावते तेवढं. बायामानसं घाबरतात."

"आवाज येते म्हनतात."

"कोनाले येत असन. मले नाइ आला."

झालं. मी टेबलावर झोपलो तो मुंगीच्या हिशोबाने. औषधाचे बोळे कोंबले, सुया दिल्या, ओठ वर उचलला. दुखलं नाही. आणि मग डॉक्टरांनी छिन्नी लावून हातोडी मारली. तो आवाज कानातून येत नाही. तो आपल्याच कवटीत होतो. घर आतून कोणी पाडून राहिलं असं वाटलं. मी झटक्यात डॉक्टरांचं मनगट धरलं. धरलं म्हणजे पान्यात नट धरावा तसं धरलं.

नर्स ओरडली. डॉक्टर ओरडले नाहीत. छिन्नी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुम्हाला आवाजाचं सांगितलं नव्हतं?"

मी तोंड भरलेलं असताना जमेल तसं बोललो. मुंगी.

डॉक्टर दारात गेले आणि पाटलाला हाक मारली. पाटील तसाच सुजलेल्या तोंडाने ऑपरेशनच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. मी आडवा, ओठावर फडकी, रक्ताने माखलेला. डॉक्टर म्हणाले, "पाटील, यांना खरं सांगा. तुम्ही खरं सांगेपर्यंत मी हातोडी उचलणार नाही आणि तुम्हाला घरी सोडणार नाही."

पाटलाने एकदा बाहेरच्या दाराकडे पाहिलं. त्याला पळून जाता आलं असतं. गावचा पाटील तो, त्याला कोण अडवणार? मग तो आत आला, अगदी टेबलाशी, आणि खाली वाकून माझ्या कानाशी बोलला.

"बोंबललो मी. माय माय म्हनून बोंबललो. धोतरात झाली माही. डोक्यात कोनी घन मारून राहिलं असं वाटते. पन थांबते ते. थोडंसंच असते. मरत नाइ मानूस." आणि जरा थांबून, "तुयासमोर काहून सांगू म्हनून नाइ सांगितलं, लेका."

मी मनगट सोडलं. डॉक्टरांनी हातोडी उचलली. पाटील गेला नाही, भिंतीला टेकून उभा राहिला. ठोका पडला की तोही डोळे मिटत होता, हे मी पाहिलं.

पाटलाला मी पुन्हा कधी भेटलो नाही. पण त्या दिवसानंतर डॉक्टरांनी माझं नाव घेऊन हाक मारायला सुरुवात केली. बाकी सगळ्यांना ते गाल म्हणून ओळखत. उजवा गाल, डावा गाल.

नंतरचं सगळं त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणून निभलं. नाकात पट्टीचा बोळा असतो, तो काढताना वाटतं मेंदूच बाहेर येऊन राहिला. रक्त पोटात जातं आणि काळी उलटी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वरचे दात आणि ओठ महिनो न् महिने बधिर राहतात. उशा उंच घ्यायच्या. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. तिखट नाही, ऊन ऊन काही नाही. मिठाच्या कोमट पाण्याने रोज नाक धुवायचं, कंटाळा आला तरी. आणि डोळा सुजला, नजर धूसर झाली किंवा नाकातून पाण्यासारखं पातळ गळायला लागलं तर असेल तसं उठून यायचं. "मला जेवणावरून उठवा, झोपेतून उठवा. मला उठवायला घरात दुसरं कोणी नाही, म्हणून दार जोरात वाजवा." हे शेवटचं वाक्य ते प्रत्येकाला म्हणत. जणू तेही औषधापैकीच.

वाकायचं नाही, हेही सांगितलं होतं. ओझं उचलायला वाकायचं नाही, हे मला समजलं. पण घरी अकोल्याला आलो तर वस्तीतली सगळी माणसं जमलेली. नवं विहार म्हणजे तेव्हा एक टिनाची खोली. त्यात मूर्ती ठेवलेली. माणूस ऑपरेशनमधून वाचून आला तर वंदना घ्यायला नको? मी गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. एकदा लावलं, दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्या खेपेला जमीन लाल.

रात्रीच्या गाडीने परत अमरावती. डॉक्टरांनी पुन्हा बोळे भरले आणि असे चिडले की काय सांगू. "वाकू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"ओझ्यासाठी वाकलोच नाइ. वंदना घेतली."

त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. म्हणाले, "ही माझी चूक. मी हे सांगितलं नव्हतं." त्या दिवसापासून बाकावरच्या बोलण्यात एक गोष्ट वाढली. कोणाच्या पाया पडायचं नाही. देवाला, बुद्धाला, सासऱ्याला, कोणालाही महिनाभर उभ्यानं नमस्कार. कितीतरी सुना त्यामुळे खूश झाल्या असतील.

पुढं कितीतरी महिने नाक धुवायला, दाखवायला मी जात राहिलो. ते संपल्यावरही अमरावतीला काम निघालं की दवाखान्यात डोकावायचो. डॉक्टर मला वर नेत. खोलीत एक खाट, एक टेबल आणि लाकडात कोरलेली अर्धी कवटी. ती घेऊन ते बोलायला लागत. कुठली पोकळी कुठं उघडते, कुठलं हाड कागदासारखं आहे. मी वाद घालायचो, कारण मला वाद घालता येतो. ते ऐकायचे नाहीत, मीही ऐकायचो नाही. निघताना म्हणायचे, "बसा की. गाडीला वेळ आहे." गाडीला वेळ नसायचा.

एकदा आम्ही दोघं रस्त्याने जात होतो. समोरून एक धोतरवाला आला, डॉक्टरांना पाहून दुसऱ्या बाजूला गेला. "डावा गाल," डॉक्टर म्हणाले. "बरा झालेला माणूस ओळख दाखवत नाही. मला पाहिलं की त्याला हातोडी आठवते." हसत म्हणाले. पण मग खानावळीपर्यंत खाली बघतच चालले.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावरची गोष्ट. उन्हं तापली होती, जिनिंगचा हंगाम संपत आला होता. मी मशीनखाली होतो. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमाले शोधून राहिले." बाहेर आलो तर फॅक्टरीच्या आवारात डॉक्टर. कधी नाही ते अकोल्याला आलेले. कपाळावर आरसा नव्हता, आणि त्यामुळेच मी क्षणभर ओळखलं नाही.

मी त्यांना सरकीच्या पोत्यावर बसवलं. त्यांनी डावा गाल माझ्याकडे केला. फुगीर होता.

"गाठ आहे. स्वतःच दोन आरसे लावून पाहिली. तुकडा नागपूरला पाठवला होता. जी शंका होती तीच खरी निघाली. कॅन्सर. वरचा जबडा काढावा लागेल, अर्धा."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"अन् आता उन्हाळा आला! मले नाक दाखवाले आठ दिवस उशीर झाला तं तुमी किती बोलले होते. जात काहून नाइ तुमी?"

डॉक्टर पोत्यातून सरकीचा एक एक दाणा काढत बसले. मग म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही."

"तुमाले कोन सांगनार? साऱ्याले तुमीच सांगता."

"हातोडी कशी धरायची ते मला माहीत आहे. खाली पडलेल्याला काय होतं ते नाही माहीत. इतकी माणसं बाकावर बसवली, पण मी दारातून ऐकायचो. सगळ्यांनी सोसलं. तुम्ही एकट्यानं माझा हात धरलात. म्हणून तुमच्याकडे आलो. सांगा. वाढवून नको, कमी करून नको."

मग मी सांगितलं. मशीन बंद नव्हती, तिच्या आवाजात मोठ्याने सांगावं लागत होतं. म्हटलं, डाक्टर, दुखण्याचं काही नाही. आपलं तोंड दुसऱ्याच्या हातात आहे आणि आपण काही करू शकत नाही, ते वाईट. आणि त्याहून वाईट नंतरचं. नाक भरलेलं असतं, तोंडानं श्वास घ्यावा लागतो, जीभ लाकडासारखी होते. तेव्हा काही नको असतं. कोणीतरी ओल्या फडक्याने जीभ ओली करावी, एवढंच लागतं. "माही बायको बसली होती. तुमचं कोन हाय?"

"नर्स असते."

"नर्स साऱ्या वार्डाची असते. मी येतो."

"गरज नाही."

"तुमी विचारलं म्हनून सांगितलं. मानूस लागते. नसन न्यायचा तं मी सांगितलेलं अर्धंच ऐकलं तुमी, अन् अर्धं ऐकनाऱ्याले टेबलावर घेत नाइ म्हनत होते ना?"

ते पहिल्यांदाच वादात हरले. हरल्यावर खिशातला रुमाल काढला आणि डोळे नाही, नाक पुसलं. हलकेच, शिंकरलं नाही.

नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यातला सर्जन येऊन म्हणाला, "सगळं ठीक होईल," आणि गेला. डॉक्टर खाटेवर उठून बसले. "हा मला काहीच सांगत नाही! मी डॉक्टर असून!" मला हसू फुटलं. तेही हसले. ते त्यांचं नीट शब्दांतलं शेवटचं हसणं-बोलणं.

मी जीभ ओली करत बसलो. त्यावर जास्त लिहीत नाही. ज्याने केलंय त्याला ठाऊक आहे.

ते वाचले. पण तोंडातली टाळू अर्धी गेली होती. तिथं दातांच्या कवळीसारखी एक झाकणी बसवायची. ती नीट बसत नसे. पाणी प्यायले की नाकातून बाहेर, आणि बोलले की सगळे शब्द नाकात शिरून तिथंच विरायचे. डॉक्टर दवाखान्यात परत बसले. पेशंट समोर, नातेवाईक बाहेर, आणि डॉक्टर सांगून राहिले. खिडकी, हाड, शिंक, मीठ-पाणी. पेशंटला एक अक्षर कळत नव्हतं. लिहून देत, तर आमच्याकडे वाचता किती जणांना येत होतं? बाकावर सांगणारे होते तोपर्यंत चाललं. मग बाकावरचेही कमी झाले. हात पहिल्यासारखाच चालत होता त्यांचा. पण न सांगता ते कोणाला टेबलावर घेईनात. दवाखाना आपोआप थांबला.

मला मात्र त्यांचं बोलणं समजे. सगळं नाही, पण पुष्कळ. इतकी वर्षं तेच तर ऐकत आलो होतो. मग ते रविवारी सकाळच्या गाडीने अकोल्याला यायला लागले. माझी बायको ज्वारीची घट्ट आंबील करून ठेवी. पातळ त्यांना चालत नसे. ते ओट्यावर बसत. पहिल्या पहिल्यांदा बोलायचे. हळूहळू बोलणं थांबलं आणि मीच बोलायला लागलो. जिनिंगचं, वस्तीतलं, पोराच्या शाळेचं. मी काही बोलका माणूस नाही. पण समोर बसलेला माणूस ऐकायलाच आलेला असला, तर बोलावं लागतं.

एका रविवारी आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. मी आंबिलीचा डबा घेतला आणि अमरावतीला गेलो. दवाखान्याला कुलूप. पडवीत बाक होता, त्यावर एक कुत्रं झोपलेलं. खानावळीत गेलो.

"आरसेवाले डाक्टर?" खानावळवाल्याने हातातली पोळी खाली ठेवली. "ते गेले, भाऊ. झाले आठ-दहा दिवस. दार वाजवलं, उघडलं नाइ. गल्लीतल्यांनीच नेलं त्याईले. पुन्याकडं कोनाले कळवावं, कोनालेच ठाव नाइ. तुमी कोठून आले?"

"अकोल्याहून."

"अकोल्याहून!" तो हात पुसत बाहेर आला. "म्हनजे बहिणीकडून आले असान. दर रविवारी तेथीच जात ना ते. मी विचारो, डाक्टर, बहीण हाय का अकोल्याले? तं हो म्हनून मान हालवत. लय खूश होऊन हालवत. तिचाच पत्ता नव्हता, नाइ तं तार केली असती." त्याचं लक्ष डब्याकडे गेलं. "तिनंच देल्ला काय?"

"हो," मी म्हटलं.

"बिचारी. वाट पाहात असन. सांगा तिले, म्हना, आमी सारं रीतीनं केलं. एकटं नाइ जाऊ दिलं."

"सांगतो तिले," म्हटलं, आणि डबा घेऊन स्टेशनाकडे निघालो.